उपाध्यक्षांच्या घरची सोयरीक

दुर्पताबाई चुलीपुढे बसून तांदळाच्या पिठाचे चिले काढत होत्या आणि दहा वर्षांची शामकला त्यांच्या पाठीला पाठ लावून वैनगंगेला मिळणाऱ्या नद्यांची नावं घोकत होती. "बाघ, बावनथडी, चुलबंद... आत्या, बावनथडी आधी का बाघ आधी?" दुर्पताबाईंना ते माहीत नव्हतं. "तुझ्या मास्तरणीले इचार वो माय," असं म्हणून त्यांनी गरम चिला तिच्या ताटात टाकला. पोर शाळेत जाते, आपल्याला न येणारे प्रश्न विचारते, याचं त्यांना रोज नव्यानं कौतुक वाटे.

एवढ्यात शामकलाचे वडील, खेमराज वकील, ओसरीवरून आत आले. गोंदियाच्या कोर्टात त्यांचं नाव होतं, आणि दोन निवडणुका जिंकून ते नागपूरच्या प्रांतिक कौन्सिलात बसत होते. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी थांबून ते बहिणीला म्हणाले, "बाई, सोमवारी तुले नागपूरले नेतो. कौन्सिलात माझं मोठं काम हाये. तू पाहाले पायजे."

दुर्पताबाईंच्या हातातलं उलथणं तसंच राहिलं. "आपलं काम?"

खेमराज हसले, मानेनं होय म्हटल्यासारखं केलं आणि अंघोळीला गेले.

ते काम म्हणजे काय, हे त्या घरात कोणाला सांगावं लागत नव्हतं. सातव्या वर्षी दुर्पताबाईंचं लग्न झालं आणि नवव्या वर्षी त्या माहेरी परत आल्या, त्या कायमच्या. नवऱ्याचा चेहरा त्यांना आठवत नव्हता. आई गेली तेव्हा खेमराज रांगत होता. त्याला कडेवर घेऊन त्यांनी वाढवला, आपल्या पोटचा म्हणूनच वाढवला. आणि खेमराजही कृतघ्न निघाला नाही. वकील होऊन आल्यावर त्यानं बहिणीला अक्षरओळख करून दिली, घरच्या पंगतीत आपल्या शेजारी बसवलं, आणि बालविवाहाविरुद्ध सभा घ्यायला लागला तेव्हा तिला व्यासपीठावर नेलं. "ही माझी बहीण. हिचं कुंकू पुसलं तेव्हा हिचे दुधाचे दात पडायचे होते," असं तो भरल्या आवाजात सांगे. पहिल्या सभेत दुर्पताबाईंना धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं. पुढे मात्र त्यांनी मन घट्ट केलं. आपलं दुःख चारचौघांत मांडून एखादी पोर वाचत असेल, तर मांडू दे.

मग रुख्माचं झालं. मुर्रीचे शेतकरी शालीकराम आणि शकुंतलाबाई यांची ती एकुलती मुलगी. नागझिऱ्याच्या अंगाचे मोठे जमीनदार छोटेलाल मालगुजार यांच्या मुलाशी, हिरालालशी तिचं लग्न लागलं, तेव्हा तिला दहावं चालू होतं. "पोरगी शहाणी होईपर्यंत गौना करणार नाही, सासरी नेणार नाही," असा शब्द छोटेलालनी दिला होता. वर्षाच्या आत ते तिला घेऊन गेले. तेराव्या वर्षी ती बाळंतपणात अडली. निरोप आल्यावर शकुंतलाबाई आणि दुर्पताबाई बैलगाडीनं धावत गेल्या. त्या पोरीनं दुर्पताबाईंच्या मांडीवर जीव सोडला. बाळही गेलं.

त्यानंतर खेमराजांनी विधेयक तयार केलं : प्रांतात चौदा वर्षांखालच्या मुलीचं लग्न लावणारा गुन्हेगार ठरावा. गावोगावच्या सभांत ते रुख्माची कथा सांगत, आणि दुर्पताबाईंच्या आग्रहावरून शकुंतलाबाईही एकदा उभ्या राहिल्या. त्या फार बोलल्या नाहीत. "माझी लेक मारली," एवढंच म्हणाल्या. त्याची शिक्षा म्हणून जातीनं शालीकरामाला पंगतीतून उठवलं, घरी येणंजाणं तोडलं. नवराबायकोनं ते सोसलं. "कायदा झाला म्हणजे बाकीच्या पोरी तं वाचतीन," असं शकुंतलाबाई म्हणत.

म्हणून सोमवारी नागपूरच्या गाडीत बसताना दुर्पताबाईंनी धुतलेलं पांढरं लुगडं नेसलं होतं आणि मनातल्या मनात रुख्माला सांगितलं होतं, आज तुझा दिवस आहे पोरी.

कौन्सिलाच्या सभागृहात बायकांना बसायला वर बांबूच्या चिकाच्या पडद्याआड जागा होती. दुर्पताबाईंच्या शेजारी नागपूरच्या एक शिक्षिकाबाई येऊन बसल्या. खाली सगळा कारभार इंग्रजीत चालला होता. कोणीतरी काही वाचलं, हात वर झाले, आणि एकाएकी सगळे बाकं वाजवू लागले. दोन सभासदांनी खेमराजांना हाताला धरून अध्यक्षांच्या उंच आसनापाशी नेलं.

"काय झालं वो बाई?" दुर्पताबाईंनी विचारलं.

"अहो, तुमचे बंधू उपाध्यक्ष म्हणून निवडून आले! अध्यक्ष नसतील तेव्हा सारी सभा आता हेच चालवणार."

दुर्पताबाईंच्या डोळ्यांना धारा लागल्या. ज्याला भात मऊ करून भरवला तो खेमू आज लाटसाहेबाच्या सभेत सगळ्यांच्या वर उभा होता. एकेक पुढारी उठून त्याचं अभिनंदन करत होता. मग खेमराज उत्तर द्यायला उभे राहिले, आणि शिक्षिकाबाई हलक्या आवाजात सांगू लागल्या.

"आभार मानताहेत. म्हणतात, ही निवड मी नम्रपणे स्वीकारतो. हा मान माझा नव्हे, माझ्या धानाच्या मुलखाचा आहे."

"खरं हाये."

"म्हणतात, या आसनाला पक्ष नसतो. आजवर मी एका बाजूनं भांडत होतो, आजपासून दोन्ही बाजू मला सारख्या."

"बरोबर हाये. न्याय तसाच पायजे."

शिक्षिकाबाई थोडा वेळ ऐकत राहिल्या. "म्हणून, लग्नाच्या वयाबद्दलचं जे विधेयक मी मांडणार होतो ते मागे घेतो. लोकांच्या धर्मभावनेला झोंबणारी गोष्ट उपाध्यक्षानं हाती धरणं शोभणार नाही." आणि त्यांनी स्वतःच टाळी वाजवली. "मोठ्या मनाचे आहेत हो तुमचे बंधू! आपला एवढा आवडता विषय सोडला."

खाली बाकं पुन्हा वाजली. विधेयकाला ज्यांनी आजवर पाय रोवून विरोध केला होता त्यांची सर्वांत मोठ्यानं वाजली. त्यांत गुलाबी पागोट्याचा एक जाड गृहस्थ तळहात लाल होईतो बाक बडवत होता. दुर्पताबाईंनी चिकाच्या फटीतून निरखून पाहिलं. ते छोटेलाल मालगुजार होते.

परतीच्या गाडीत खेमराज फार खुशीत होते. तुमसरला त्यांनी बहिणीसाठी स्वतः उतरून पाणी आणलं. दुर्पताबाई पाण्याला शिवल्या नाहीत.

"बाई, तू रुसली. पण राजकारण तुले समजत नाही. गोंदियाचा माणूस आजवर या जागेवर कधी बसला होता का? आज आपल्याले मान आला. उद्या त्याच मानानं मोठी कामं होतीन."

"तुले मांडता येत नसन तं दुसऱ्यानं मांडावं," दुर्पताबाई म्हणाल्या. "कोणाच्या हाती देलं?"

खेमराज खिडकीबाहेर धानाच्या बांध्या पाहू लागले.

स्टेशनावर बँड होता, हार होते. "उपाध्यक्ष साहब की जय!" म्हणत लोकांनी त्यांना घरापर्यंत नेलं. दारात त्यांची पत्नी पुष्पाबाई यांनी ओवाळलं. पुष्पाबाई अबोल बाई. नवऱ्यापुढे त्यांचा आवाज कधी कोणी ऐकला नव्हता. दुर्पताबाई मागच्या दारानं आत गेल्या.

दोन दिवसांनी दुपारी दारात पडदा लावलेली एक बैलगाडी थांबली आणि छोटेलालच्या घरच्या बाया उतरल्या. पुढे मालगुजारीण स्वतः, मागे दोन सुना. पुष्पाबाईंनी सतरंजी अंथरली, पानाचं तबक ठेवलं. मालगुजारणीनं शामकलाला जवळ बोलावून मांडीशी बसवलं, तिच्या वेणीचं कौतुक केलं, आणि पदराच्या गाठीतला दोरा काढून तिच्या मनगटाभोवती गुंडाळला.

"हे कायले मोजून राहिले?" शामकलानं हसत विचारलं.

"बांगड्या बनवायच्या हाये बेटा. सोन्याच्या. आमच्या हिरालालची नवरी होशीन तं खाली हातानं आणू का तुले?"

शामकलाला काही समजलं नाही. सोन्याच्या बांगड्या एवढंच समजलं. पुष्पाबाईंच्या हातातला अडकित्ता मात्र मिटायचा थांबला. त्यांनी नणंदेकडे पाहिलं. या घरच्या लेकीची सोयरीक ठरली होती आणि तिच्या आईलाही त्याची खबर नव्हती.

दुर्पताबाई उठल्या आणि सरळ वकिलांच्या बैठकीत गेल्या. त्या खोलीत त्या एरवी न विचारता जात नसत.

"छोटेलालच्या घरी शामाले देऊन राहिला तू?"

"बस बाई. शांतपणानं ऐक."

"उभीच बरी हावो. सांग."

खेमराजनी चष्मा काढला. "त्यायच्या मागं कौन्सिलातली जंगलपट्टीची सारी मतं होती. ती नसती तं मी पडलो असतो. त्यायनं दोन गोष्टी मागतल्या. विधेयक मागं घ्या, आन् लेकीचा हात द्या. माणसाची खात्री पटाले नात्याची गाठ लागते बाई. राजकारणात असंच चालते."

"आन् तू देला."

"हिरालाल आता पहिल्यासारखा नाही. पाच वर्षं गौना करणार नाही, असा शब्द घेतला मी."

"रुख्माच्या बापालेही शब्दच देला होता." दुर्पताबाईंचा आवाज चढला नाही. "खेमू, तिचं मरण तू गावोगावी सांगितलं. सांगता सांगता रडत होता. मी तुझ्या बाजूले बसून पाहत होतो. ते रडणं खोटं होतं का रे?"

खेमराजांच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकून गेलं. ते रडणं खोटं नव्हतं, हीच तर त्यांची अडचण होती. आणि अडचणीतला माणूस जे करतो तेच त्यांनी केलं, ते चिडले. 'तू' सोडून 'तुम्ही'वर आले.

"तुमच्यासाठी मी काय करायचं ठेवलं? दुसऱ्याच्या घरी असत्या तर कोपऱ्यात तांदूळ निवडत जन्म गेला असता तुमचा. माझ्यामुळं चार लोक तुमचं ऐकतात. रविवारी दारात मांडव आहे. सत्कार होईल आणि लागूनच शामाला कुंकू लावून सोयरीक पक्की होईल. शुभकार्य आहे. तुम्ही मागच्या खोलीतून बाहेर येऊ नका."

तीस वर्षांत जे वाक्य परक्यांनी ऐकवलं होतं आणि ज्या वाक्याविरुद्ध हाच भाऊ सभा गाजवत होता, ते आज त्याच्या तोंडून आलं. दुर्पताबाई परतल्या. सासऱ्यानं घराबाहेर काढलं तेव्हा त्या लहान होत्या. काय गेलं ते कळलं नव्हतं. या वेळी सगळं कळत होतं.

रविवारी सकाळी त्या पायी मुर्रीला गेल्या. ही बातमी शकुंतलाबाईंना बाजारात, कोणाच्या तरी हसण्यातून कळू नये, एवढंच त्यांच्या मनात होतं. शकुंतलाबाई अंगणात धान पाखडत होत्या. ऐकून झाल्यावरही सूप हलत राहिलं. पाखडून झाल्यावर त्यांनी सूप भिंतीला टेकवलं, पदर सावरला आणि म्हणाल्या, "चाल, जाऊ."

मांडव माणसांनी भरला होता. व्यापारी, वकील, मालगुजार, शाळेचे मास्तर, सगळे. स्वागताचे अध्यक्ष रामलाल शेठ हिंदीत भाषण करत होते. समाजसुधारक म्हणून, अबलांचा कैवारी म्हणून ते खेमराजांची स्तुती करत होते. शेजारी गुलाबी पागोटं बसलं होतं, आणि त्याच्याही पलीकडे तुरा लावलेला हिरालाल. मधल्या वाटेनं दोन बाया चालत आल्या तेव्हा शेठ थांबले.

"बाईजी, औरतों की जगह अंदर है."

"मले एक गोष्ट इचारायची हाये," दुर्पताबाई म्हणाल्या.

"बाई, ही वेळ नव्हे," खेमराज बसल्या जागेवरून बोलले.

"मंग कोणती वेळ?" त्या लोकांकडे वळल्या. "ह्या बाईले सारे ओळखता. हिची लेक रुख्मा. माझ्या भावानं तिची कथा सांगितली तवा ह्याच मांडवातल्या माणसायनं डोळे पुसले होते. गुरुजी, तुमी पुसले होते. शेठजी, तुमी म्हणले होते, मी माझ्या नातीचं लगन सोळाव्या वर्षी करीन. ती रुख्मा ज्या घरात मेली, त्याच घरात, त्याच नवऱ्याले, आज दहा वर्षांची शामकला देऊन राहिले. त्यायची मतं घेतली, म्हणून. उपाध्यक्ष झाले, म्हणून. मी इचारतो, तुमच्यातला कोणी उठून नाही म्हणते का?"

गुरुजी आपल्या जोड्याकडे पाहत होते. रामलाल शेठ हातातला हार सारखा करत होते. ज्यांनी सभांत टाळ्या दिल्या होत्या, ठरावांवर सह्या केल्या होत्या, ते सगळे तिथेच होते, आणि त्यांतला एकही उठला नाही. शकुंतलाबाई हिरालालच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या. त्यानं मान दुसरीकडे फिरवली.

छोटेलाल हसले. "वकीलसाब, घर की बात है, घर में निपटा लेना. मुहूर्त निकला जा रहा है. बिटिया को बुलाओ."

खेमराजनी गड्याला खूण केली, "बाईंना आत ने," आणि आतल्या दाराकडे पाहून हाक दिली, "शामाला आणा!"

कोणी आलं नाही. भटजींनी कुंकवाची वाटी उघडली, पुन्हा झाकली. पुन्हा हाक गेली. तेव्हा दारात पुष्पाबाई आल्या. डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढलेला, एक हात चौकटीला.

"शामा येणार नाही."

"काय?" खेमराज उभे राहिले.

"जेवून राहिली ते. उद्या शाळा हाये तिची." आवाज कापत होता, पण मांडवाच्या टोकापर्यंत पोचला. "दोरा गुंडाळून गेल्या त्या बाया, तवापासून मले झोप नाही. कौन्सिलात तुमी जे म्हणान ते होईन. तिची माय मी हावो. माझी पोरगी मी देत नाही."

"पुष्पा!"

पुष्पाबाईंनी दार लावून घेतलं. आतून कडी सरकल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

छोटेलाल उठले. "अपनी औरत संभाली नहीं जाती, और सभा चलाने चले हैं," एवढं बोलून ते मुलाला आणि आपल्या माणसांना घेऊन निघून गेले. सोयरीक मोडली. मांडव हळूहळू रिकामा झाला. सत्काराचा हार रामलाल शेठांच्या हातातच राहिला होता. तो त्यांनी जाता जाता खुर्चीवर ठेवला.

खेमराज बहिणीजवळ आले. "आजपासून या घरात तुम्हाला जागा नाही," ते म्हणाले.

"ते मले माहीत होतं," दुर्पताबाई म्हणाल्या. त्या शामाला भेटायला आत गेल्या नाहीत. गेल्या असत्या तर पाय निघाला नसता. शकुंतलाबाईंच्या मागोमाग त्या मुर्रीची वाट चालू लागल्या. एक पोर वाचली होती. पण ज्याला वाढवला तो हातचा गेला होता, आणि चालताना त्यांना पोरीचा आनंद होत नव्हता, भावाचं दुःखच होत होतं.

गोष्ट इथे संपली असती तर वाचकाला बरं वाटलं असतं. पण विधेयक मागे गेलं ते गेलंच. दुसऱ्या कोणी ते उचललं नाही. त्याच उन्हाळ्यात हिरालालचं लग्न तिरोड्याकडच्या एका नऊ वर्षांच्या मुलीशी लागलं. दुर्पताबाई आणि शकुंतलाबाई तिच्या बापाच्या दारी गेल्या होत्या. त्यानं त्यांना अंगणातही येऊ दिलं नाही. वाजंत्री दूर जाईपर्यंत त्या दोघी वेशीबाहेर चिंचेखाली बसून राहिल्या. त्या मुलीची आई दार लावून घेणारी नव्हती, आणि तिला तसं करता येतं हे कोणी सांगितलंही नव्हतं. उपाध्यक्ष मात्र प्रांताच्या सभेत उत्तम काम करीत होते. त्यांच्या निःपक्षपातीपणाची वर्तमानपत्रांतून वाहवा होत होती.

पावसाळा सरल्यावर एका दुपारी ते मुर्रीला आले. दुर्पताबाई शालीकरामाच्या पडवीत आजूबाजूच्या गावांतल्या बायांना घेऊन बसल्या होत्या. खेमराज अंगणातच उभे राहिले. ते थकल्यासारखे दिसत होते.

"बाई, घरी चाल. शामा रोज इचारते. पुष्पा माझ्यासंगं बोलत नाही."

"शामाले इकडं धाडत जा. मी तिकडं येत नाही."

"पुढच्या निवडणुकीनंतर मी पुन्हा विधेयक..."

"खेमू," त्या म्हणाल्या, आणि बऱ्याच दिवसांनी त्यांनी ते नाव घेतलं होतं, "बस तिथं. ऐकायचं असन तं ऐक."

ते पडवीच्या कडेला बसले. दुर्पताबाई बायांकडे वळल्या आणि रुख्माची कथा सांगू लागल्या. तीच कथा, पण आता ती सांगताना त्या रडत नव्हत्या. पूर्वी शेवटी त्या म्हणत, "घाबरू नका, माझा भाऊ कायदा आणून राहिला." त्या वाक्यापाशी आल्या आणि थांबल्या. बाया वाट पाहत राहिल्या. खेमराजनी मान खाली घातली.

"कायदा येईन तवा येईन," दुर्पताबाई म्हणाल्या. "आणणारे बदलून जातात, हे मी पाहिलं. तुमच्या घरच्या दाराले आतून कडी हाये. लेकीचं लगन ठरवाले कोणी आलं तं ते लावा. नवरा ओरडन, सासरा ओरडन, जात ओरडन. दार उघडू नका."

मागच्या बाजूला बसलेल्या एका तरुण बाईनं मांडीवरच्या मुलीला जवळ ओढलं आणि विचारलं, "आन् एकटीच असली तं, बाई?"

"मले निरोप धाड," दुर्पताबाई म्हणाल्या. "मी येऊन तुझ्या दारात बसतो."